भूकंपाच्या कृत्रिम नोंदींवर विसंबण्याआधी : पडताळणीची सविस्तर पद्धत

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज भागात ६.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. जो भ्रंश (खडकातली भेग) फाटला तो जमिनीवर कुठेच दिसत नव्हता, खोलवर दडलेला होता. फाटण्याची क्रिया खालून वर आणि उत्तरेकडे सरकत गेली. त्यामुळे उत्तरेच्या रिनाल्डी आणि सिल्मार या नोंदणी केंद्रांवर सेकंदाला एक मीटरहून जास्त वेगाचे एक-दोन जोरदार हेलकावे नोंदले गेले. दक्षिणेला बऱ्याच अंतरावरच्या सँटा मोनिकामध्ये काही ठराविक वस्त्यांचं मात्र आजूबाजूच्यांपेक्षा खूप जास्त नुकसान झालं. तिथल्या गाळाच्या खोऱ्याच्या कडेने लहरी एकवटल्या, हे त्यामागचं मुख्य स्पष्टीकरण आहे. एकाच भूकंपात एके ठिकाणी भ्रंशाची दिशा बोलली, तर दुसरीकडे जमिनीखालची रचना.

संगणकावर भूकंप घडवणाऱ्या पद्धतीला या दोन्ही गोष्टी जमल्या पाहिजेत, किंवा कोणती जमत नाही हे तिच्या वापरकर्त्याला आधीच माहीत असलं पाहिजे. हा लेख स्थापत्य अभियांत्रिकी किंवा भूभौतिकीचे विद्यार्थी, संशोधक आणि अशा कृत्रिम नोंदी, म्हणजे संगणकाने काढलेले जमिनीच्या हालचालीचे आलेख, हातात घेऊन इमारतीचं किंवा धरणाचं विश्लेषण करणारे अभियंते यांच्यासाठी आहे. सिम्युलेशन कसं लिहायचं ते इथे नाही. ते खरं मानावं की नाही, हे कसं ठरवायचं ते आहे.

सिम्युलेशनची गरज का पडते, हे थोडक्यात. मोठ्या भूकंपाच्या अगदी जवळच्या नोंदी जगभरात आजही कमी आहेत. ७.५ मॅग्निट्यूडचा भूकंप भ्रंशापासून दहा किलोमीटरवर कसा जाणवेल, हे केवळ जुन्या नोंदींतून शोधायला गेलं तर मोजकीच उदाहरणं हाती लागतात. ती पोकळी कृत्रिम नोंदी भरतात. पण जिथे खऱ्या नोंदी नाहीत तिथे चूक पकडायलाही कोणी नसतं. म्हणून जिथे नोंदी आहेत तिथे पद्धतीची कसून परीक्षा घ्यावी लागते, आणि उत्तीर्ण होण्याचे निकष सिम्युलेशन चालवण्याआधी लिहून ठेवावे लागतात. आलेख पाहिल्यानंतर ठरवलेला निकष नेहमीच सोयीचा निघतो.

पहिला टप्पा : वापर ठरवा

एका कागदावर चार गोष्टी लिहा: कोणत्या मॅग्निट्यूडच्या भूकंपांसाठी, भ्रंशापासून किती अंतरासाठी, कोणत्या प्रकारच्या जमिनीसाठी आणि कोणत्या आवर्तकाळासाठी (एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेसाठी) नोंदी हव्या आहेत. दहा मजली इमारतीचा आवर्तकाळ ढोबळमानाने एक सेकंदाच्या आसपास असतो. दुमजली घराचा ०.२ सेकंदाच्या जवळ, तर उंच मनोऱ्याचा किंवा लांब पुलाचा तीन-पाच सेकंदांचा. ०.२ सेकंदाला उत्तम उतरलेली पद्धत चार सेकंदांना साफ चुकू शकते, आणि उलटही होतं.

काठमांडूचं उदाहरण बोलकं आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ मॅग्निट्यूडच्या गोरखा भूकंपात शहरातल्या कांतिपथ केंद्रावर कमाल त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ०.१६ पट इतकंच होतं. एवढ्या मोठ्या आणि जवळच्या भूकंपासाठी ते कमी वाटतं. पण पाच सेकंदांच्या आसपासची हालचाल प्रचंड होती. फक्त कमाल त्वरण जुळवून समाधान मानणाऱ्याला या भूकंपातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसलीच नसती.

दुसरा टप्पा : आधी कोड तपासा, मग पद्धत

कोडची तपासणी आणि पद्धतीची पडताळणी ही दोन वेगळी कामं आहेत. कोड समीकरणं बरोबर सोडवतो का, हा पहिला प्रश्न. ती समीकरणं आणि त्यात घातलेली माहिती पृथ्वीला लागू पडते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळण्याआधी खऱ्या नोंदींशी तुलना केली तर चूक गणिताची की भूशास्त्राची हे कळत नाही.

कोडसाठी ठरलेले नमुना-प्रश्न आहेत. ‘एलओएच-१’ या प्रश्नात एक किलोमीटर जाडीचा मऊ थर आणि खाली अर्ध-अनंत, म्हणजे तळच नसलेला, खडक धरतात. थरात एस-लहरींचा (प्रवासाच्या दिशेला आडवं हलवणाऱ्या लहरींचा) वेग सेकंदाला २,००० मीटर, खडकात ३,४६४ मीटर. दोन किलोमीटर खोलीवर एक बिंदू-उगम ठेवतात. याचं अर्ध-विश्लेषणात्मक उत्तर उपलब्ध आहे, त्याच्याशी आपला निकाल ताडून पाहायचा. गुंतागुंतीच्या त्रिमितीय प्रश्नांना असं तयार उत्तर नसतं, तेव्हा स्वतंत्रपणे लिहिलेले कोड एकमेकांशी ताडतात. दक्षिण सॅन अँड्रियास भ्रंशावरच्या कल्पित ७.८ मॅग्निट्यूडच्या ‘शेकआउट’ भूकंपासाठी तीन गटांनी वेगवेगळ्या कोडने केलेल्या गणनांची अशीच तुलना झाली होती.

जाळीची, म्हणजे गणनेसाठी जमीन ज्या बिंदूंमध्ये विभागली आहे त्यांची, तपासणी स्वतः करा. एस-लहरींचा सर्वांत कमी वेग सेकंदाला ५०० मीटर आणि हवी असलेली कमाल वारंवारता १ हर्ट्झ असेल, तर सर्वांत लहान तरंगलांबी ५०० मीटर येते. तरंगलांबीमागे किमान पाच बिंदू धरले तर जाळी १०० मीटरची हवी. एकदा ५० मीटरच्या जाळीवरही चालवा. बिंदू आठपट होतात, वेळेचे टप्पे दुप्पट, म्हणजे खर्च सोळापट. तो टाळायचा मोह होतो, पण छोट्या क्षेत्रावर का होईना हे एकदा कराच. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर पुढची कोणतीही तुलना निरर्थक आहे.

तिसरा टप्पा : नोंदी निवडा आणि त्यांच्या मर्यादा ओळखा

एका भूकंपावर पडताळणी होत नाही. प्रत्येक भूकंपाचा स्वतःचा स्वभाव असतो. त्याच मॅग्निट्यूडच्या सरासरी भूकंपापेक्षा एखादा सगळीकडेच थोडा जोरात हलवतो, एखादा हळू. नैसर्गिक लॉगच्या एककात हा फरक साधारण ०.३ ते ०.४ असतो, म्हणजे सुमारे दीडपट इकडे किंवा तिकडे. तुमची पद्धत नॉर्थरिजला कमी पडली, तर दोष पद्धतीचा की नॉर्थरिजच्या स्वभावाचा, हे एकट्या नॉर्थरिजवरून सांगता येत नाही. म्हणूनच सदर्न कॅलिफोर्निया अर्थक्वेक सेंटरने कृत्रिम नोंदी तयार करणाऱ्या आपल्या ब्रॉडबँड प्लॅटफॉर्मची पडताळणी करताना १९८९ चा लोमा प्रिएटा, १९९२ चा लँडर्स, १९९४ चा नॉर्थरिज, जपानमधला २००० चा तोत्तोरी असे अनेक भूकंप घेतले. हा प्लॅटफॉर्म मुक्त स्रोत आहे. शिकायची सुरुवात तिथूनच करा.

नोंदी बर्कलीच्या पीअर या भूकंप-अभियांत्रिकी संशोधन केंद्राच्या संग्रहातून मिळतील. प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणत्या वारंवारतेपर्यंत गाळली आहे (त्याखालचा भाग काढून टाकला आहे) हेही दिलेलं असतं, आणि नवशिके नेमकं तेच वाचत नाहीत. नोंद ०.१ हर्ट्झला गाळली असेल तर तिची वापरण्यायोग्य किमान वारंवारता १.२५ ने गुणून ०.१२५ हर्ट्झ धरायची प्रथा आहे. म्हणजे आठ सेकंदांपुढे त्या नोंदीत माहितीच नाही. दहा सेकंदांना सिम्युलेशन जास्त येतं असा निष्कर्ष त्यावरून काढला तर तुम्ही सिम्युलेशनची तुलना फिल्टरशी केलेली असते. कृत्रिम नोंदींनाही तोच फिल्टर लावा.

दुसरी काळजी जमिनीची. वरच्या ३० मीटर थरातला एस-लहरींचा सरासरी वेग, ज्याला व्हीएस-३० म्हणतात, प्रत्येक केंद्रासाठी लिहून ठेवा. तो प्रत्यक्ष मोजलेला आहे की भूशास्त्रीय नकाशावरून अंदाजलेला, हेही लिहा. सिम्युलेशन खडकासाठी आणि नोंद मऊ मातीवरची, असं असेल तर दोन्ही एकाच जमिनीवर आणावी लागतात. त्यासाठीची दुरुस्ती एकदाच करा. सिम्युलेशनच्या वेग-रचनेत मऊ थर आधीच असेल आणि वरून मातीचा गुणकही लावला, तर परिणाम दोनदा मोजला जातो.

चौथा टप्पा : उगमाची माहिती, आणि इथली फसगत

ही पायरी सर्वांत जास्त वेळ मागते, कारण फसवणूक नकळत इथेच होते.

नॉर्थरिजसाठी भ्रंशावर कुठे किती मीटर घसरण झाली याचे तयार नकाशे मिळतात. ते सिम्युलेशनमध्ये घातले की मंद वारंवारतेच्या कृत्रिम नोंदी खऱ्यांवर सुरेख बसतात. पण ते घसरणीचे नकाशे बहुतेक वेळा त्याच केंद्रांच्या त्याच नोंदींवरून, उलट्या गणिताने काढलेले असतात. प्रश्नपत्रिका घरी सोडवून आलेल्या विद्यार्थ्याचे गुण जितके खरे, तितकीच ही जुळणी खरी. शिवाय उद्याच्या भूकंपाचा घसरण-नकाशा आज कोणाकडेच नसणार, मग अशा नकाशावर उत्तीर्ण झालेली पद्धत उद्यासाठी काय सांगणार?

योग्य मार्ग असा: भ्रंशाची लांबी-रुंदी, कल, मॅग्निट्यूड आणि फाटण्याचा आरंभबिंदू एवढंच खऱ्या भूकंपातून घ्या. घसरणीची वाटणी, फाटण्याचा वेग आणि घसरण किती झपाट्याने होते हे पद्धतीच्या स्वतःच्या नियमांनी, यादृच्छिकपणे घडू द्या. ब्रॉडबँड प्लॅटफॉर्मच्या पडताळणीत प्रत्येक भूकंपासाठी असे पन्नास उगम तयार केले गेले. भविष्यातल्या भूकंपासाठी तुम्ही जे करणार, तेच भूतकाळातल्या भूकंपासाठी करा.

पद्धतीतले सगळे आकडे, म्हणजे ताण-घट (फाटताना भ्रंशावरचा ताण किती कमी होतो ते), लहरी क्षीण होण्याचा दर, उच्च वारंवारता कुठे कापली जाते ते मूल्य, हे त्या प्रदेशासाठी एकदा ठरवा आणि गोठवा. प्रत्येक भूकंपासाठी वेगळी ताण-घट घेऊन सगळ्या भूकंपांशी जुळवलं, तर ती जुळवाजुळव झाली. ती करायची असेल तर उघड सांगून करा आणि पडताळणीसाठी बाजूला ठेवलेले भूकंप त्या जुळवाजुळवीत वापरू नका.

पाचवा टप्पा : तुलना

आधी डोळ्यांनी पाहा. त्वरण, वेग, विस्थापन, तिन्हींचे आलेख एकाखाली एक. वेगाच्या आलेखात रिनाल्डीसारखा हेलकावा दिसतो का? थरथर योग्य वेळी सुरू होते आणि विरते का? ‘एक्ससिम’सारख्या पूर्णपणे यादृच्छिक पद्धतीत सुसंगत हेलकावा येण्याची अपेक्षाच करू नये. लहान आवर्तकाळासाठी ती उपयोगी आहे, जवळच्या भ्रंशाच्या हेलकाव्यासाठी नाही. संकरित पद्धतींमध्ये मंद (कमी वारंवारतेचा) भाग लहरींच्या समीकरणांनी आणि जलद (जास्त वारंवारतेचा) भाग यादृच्छिक पद्धतीने काढून दोन्ही साधारण १ हर्ट्झपाशी जोडतात. त्या सांध्यापाशी वर्णपटात (वारंवारतेनुसार हालचाल दाखवणाऱ्या आलेखात) खड्डा किंवा उंचवटा आहे का, ते आवर्जून पाहा.

मग आकडे. दोन आडव्या घटकांपासून, दिशा फिरवून येणारं मध्यक मूल्य घेऊन, ५ टक्के अवमंदनाचा रिस्पॉन्स स्पेक्ट्रम (वेगवेगळ्या आवर्तकाळांच्या साध्या रचना किती हलतील ते दाखवणारा आलेख) काढा. प्रत्येक केंद्रासाठी, प्रत्येक आवर्तकाळासाठी तफावत म्हणजे खऱ्या मूल्याला कृत्रिम मूल्याने भागून घेतलेला नैसर्गिक लॉग. पन्नास उगमांची आधी केंद्रावर सरासरी, मग केंद्रांची सरासरी.

इथे एक उदाहरण मांडून बघा. एका केंद्रावर खरं मूल्य ०.३० जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण), कृत्रिम ०.२० जी. तफावत +०.४०५. दुसऱ्या केंद्रावर खरं ०.१८, कृत्रिम ०.२७. तफावत −०.४०५. सरासरी शून्य! पद्धत निर्दोष वाटेल, पण प्रत्येक केंद्रावर ती दीडपट चुकलेली आहे. म्हणून प्लॅटफॉर्मच्या मूल्यमापनात संयुक्त निकष वापरला गेला: सरासरी तफावतीचं निरपेक्ष मूल्य आणि निरपेक्ष तफावतींची सरासरी, दोन्हींची अर्धी-अर्धी बेरीज. आपल्या उदाहरणात ती सुमारे ०.२० येते. ०.३५ पर्यंतचं मूल्य म्हणजे सुमारे १.४ पट फरक, आणि ०.७० म्हणजे दुप्पट. या दोन रेषांच्या आधाराने निकाल वाचला जातो. आवर्तकाळाचे पट्टे पाडा: ०.१ सेकंदांपर्यंत, ०.१ ते १, १ ते ३ आणि ३ च्या पुढे. प्रत्येक पट्ट्याचा निकाल स्वतंत्र द्या. सगळ्यांचा मिळून एकच गुण देण्याची मागणी वरिष्ठांकडून येते, तिला नम्रपणे नकार द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

किती केंद्रं हवीत? केंद्रांमधल्या तफावतींचा पसारा (प्रमाण विचलन) ०.५ धरला तर चाळीस केंद्रांच्या सरासरीतली प्रमाण-त्रुटी ०.०८ येते, आठ केंद्रांची ०.१८. आठ केंद्रांवर ०.२ ची सरासरी तफावत दिसली तर ती खरी आहे की योगायोग हे सांगताच येणार नाही. आणि शेजारशेजारची केंद्रं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे खरी त्रुटी याहून मोठीच.

स्पेक्ट्रम जुळला तरी कालावधी चुकू शकतो. एकूण ऊर्जेचा ५ ते ९५ टक्के भाग किती सेकंदांत येतो ते मोजा आणि एरियास तीव्रताही (हालचालीच्या एकूण जोराचं माप) पाहा. जॉन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत इथे हाताशी ठेवा. तीत कमाल त्वरण, वेग, विस्थापन, कालावधी, ऊर्जा, रिस्पॉन्स व फूरिये हे दोन्ही वर्णपट आणि तरंगांचा परस्परसंबंध अशा दहा कसोट्यांवर ० ते १० गुण देतात. चारच्या खाली खराब, चार ते सहा बरं, सहा ते आठ चांगलं, आठच्या वर उत्कृष्ट. एका दृष्टिक्षेपात चित्र मिळतं, मात्र तरंग तंतोतंत जुळण्याचा परस्परसंबंध १ हर्ट्झच्या वर मागू नका. यादृच्छिक भागाकडून तशी अपेक्षा करणं चूक आहे.

तफावती नकाशावरही मांडा आणि अंतर, व्हीएस-३० व भ्रंशाशी असलेल्या कोनाप्रमाणेही. नॉर्थरिजमध्ये उत्तरेची सगळी केंद्रं धन आणि दक्षिणेची ऋण निघाली, तर फाटण्याच्या दिशेचा परिणाम कमी पडतो आहे. अंतराबरोबर तफावत सरळ वाढत गेली तर लहरी क्षीण होण्याचा दर चुकला आहे. आणि सँटा मोनिका एकटीच वर राहिली, तर तुमच्या एकमितीय (फक्त खोलीनुसार बदलणाऱ्या) वेग-रचनेत ते खोरंच नाही. ती तफावत तशीच राहू द्या. तिला झाकण्यासाठी उगमाचे आकडे हलवले तर बाकीची सगळी केंद्रं बिघडतील.

सहावा टप्पा : सरासरी भूकंपाशी तुलना

खऱ्या भूकंपांशी जुळूनही पद्धत न घडलेल्या भूकंपासाठी भरकटू शकते. त्यासाठी शेकडो नोंदींवर उभ्या असलेल्या अनुभवजन्य समीकरणांशी तुलना करा. उदाहरणार्थ, ६.६ मॅग्निट्यूडचा भूकंप, भ्रंशापासून २० आणि ५० किलोमीटरवर, खडकाळ जमीन. अनेक यादृच्छिक उगमांची सरासरी त्या समीकरणांच्या पट्ट्यात बसते का? ही समीकरणं भरपूर नोंदी असलेल्या टापूतच वापरा. ७.८ मॅग्निट्यूड आणि पाच किलोमीटरवर समीकरणंही अंदाजच असतात, तिथे त्यांना न्यायाधीश बसवू नका. तिथलीच उणीव भरायला तर सिम्युलेशन आणलं.

सरासरीइतकाच पसारा महत्त्वाचा. खऱ्या नोंदींत एकाच भूकंपातला केंद्रागणिक पसारा साधारण ०.५ ते ०.६ असतो. एकमितीय रचनेत तो कमी येतो, कारण वाटेतली आणि जमिनीतली विविधता मॉडेलमध्ये नसते. धोक्याच्या गणनेत पसारा कमी धरला की दुर्मीळ आणि जोरदार हालचालींची शक्यता खूपच कमी दिसते.

अभियंत्यांनी आणखी तीन गोष्टी बघाव्यात. वेगवेगळ्या आवर्तकाळांच्या मूल्यांमधला सहसंबंध: यादृच्छिक भागात तो खऱ्या नोंदींपेक्षा बरेचदा कमी असतो आणि त्याने इमारतीच्या प्रतिसादातली अनिश्चितता बदलते. सर्व दिशांतलं कमाल आणि मध्यक मूल्य यांचं गुणोत्तर. आणि साध्या एक-अंश प्रणालीचं अप्रत्यास्थ (कायमचं वाकू दिलेलं) व प्रत्यास्थ (पूर्ववत होणारं) विस्थापन यांचं गुणोत्तर. हे तीन गुणधर्म भूकंपागणिक फारसे बदलत नाहीत, त्यामुळे जवळपास नोंद नसली तरी तपासता येतात.

जिथे नोंदीच कमी आहेत

आपल्याकडचं वास्तव वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची, भूकंपाच्या केंद्राजवळची जोरदार हालचालीची नोंद नाही. डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची प्रसिद्ध नोंद आहे, कमाल त्वरण ०.६३ जी, पण ती धरणाच्या आतल्या गॅलरीतली. मोकळ्या जमिनीची नोंद समजून तिच्याशी तुलना केली तर धरणाचा प्रभाव तुमच्या तफावतीत शिरेल. २००१ च्या भूज भूकंपाची अहमदाबादची नोंद दोनशे किलोमीटरहून दूरची आणि इमारतीतली आहे. हिमालयात १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपाच्या तेरा केंद्रांच्या नोंदी मिळतात. वरच्याच हिशेबाने त्यात प्रमाण-त्रुटी ०.१४ येते, म्हणजे ३० टक्क्यांपेक्षा कमी चूक त्या नोंदी ठामपणे पकडू शकत नाहीत.

मग दख्खनसाठी काय करावं? उगमाचे नियम बाहेरच्या भूकंपांवर तपासून आणता येतात, कवचातून लहरी क्षीण होण्याचा दर मात्र आणता येत नाही. द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण कवचात जास्त वारंवारतेच्या लहरी कॅलिफोर्नियापेक्षा लांबवर पोहोचतात. तो दर कोयना-वारणा परिसरातल्या लहान भूकंपांच्या नोंदींवरून काढा आणि त्यांतलेच काही भूकंप तपासणीसाठी बाजूला ठेवा. एवढं करून मोठ्या भूकंपाबद्दल जे उरेल ते अनुमान आहे, आणि अहवालात त्याला अनुमानच म्हणा.

अहवाल आणि आवृत्ती

वेग-रचना बदलली, उगम-नियमातला एखादा गुणांक बदलला, कोडची नवी आवृत्ती आली, की जुनी पडताळणी रद्द समजा आणि सगळे भूकंप पुन्हा चालवा. त्यासाठी संपूर्ण प्रक्रिया एका आज्ञेने चालेल अशी बांधून ठेवा. यादृच्छिक बीजांची (तेच यादृच्छिक आकडे पुन्हा मिळवून देणाऱ्या सुरुवातीच्या संख्यांची) यादी, माहितीच्या फायली आणि आवृत्ती-क्रमांक निकालांसोबतच साठवा. नापास झालेले भूकंप अहवालातून गाळू नका. वाचणाऱ्या अभियंत्याला त्यांचीच सर्वांत जास्त गरज असते.

पहिल्या पानावर वापराची हद्द एका वाक्यात लिहा, अशी: “ही पद्धत ६ ते ७ मॅग्निट्यूड, १० ते १०० किलोमीटर अंतर, कठीण जमीन आणि ०.१ ते ३ सेकंदांच्या आवर्तकाळासाठी तपासली आहे. गाळाच्या खोऱ्यांत आणि ३ सेकंदांपुढे वापरू नये.”